ऑडिट रिस्क आणि फ्रॉड रिस्क यांत फरक काय? ऑडिटर त्यांचा अंदाज कसा बांधतो?

आर्थिक विवरणपत्रांत मोठी चूक असूनही ऑडिटरने 'सगळं ठीक' असा अहवाल देऊन टाकणं, ही ऑडिट रिस्क. ती चूक कुणीतरी मुद्दाम घातलेली असण्याची शक्यता म्हणजे फ्रॉड रिस्क. दुसरी पहिलीच्याच पोटात येते.

ऑडिट रिस्कचं सूत्र तुम्ही वाचलं असेलच: अंगभूत जोखीम (व्यवहाराच्या स्वरूपामुळेच चूक होण्याची शक्यता) × नियंत्रण जोखीम (कंपनीच्या अंतर्गत नियंत्रणांना ती चूक न सापडण्याची) × शोध जोखीम (ऑडिटरलाही ती न सापडण्याची). पहिल्या दोन कंपनीच्या. ऑडिटरला त्या फक्त जोखता येतात. हातात असते ती तिसरी. पहिल्या दोन जास्त वाटल्या, की तपासायच्या व्यवहारांचे नमुने वाढवायचे, बँकेकडून थेट खातरजमा करायची. (कॅल्क्युलेटर घेऊन गुणाकार सहसा कुणी करत नाही, जास्त, मध्यम, कमी असंच ठरतं.)

घोटाळ्याचं प्रकरण अवघड, कारण समोरचा लपवत असतो. दबाव, संधी आणि 'यात काय वावगं' अशी स्वतःची समजूत, हे तिन्ही धागे शोधायचे. आयएसए २४० नुसार (घोटाळ्याबाबतचं आंतरराष्ट्रीय ऑडिट मानक) महसुलात घोटाळ्याची जोखीम आहे असं गृहीत धरूनच सुरुवात करायची. ती नाही असं वाटलं तर कारण लिहून ठेवायचं. व्यवस्थापनच नियंत्रणं डावलेल, ही जोखीम मात्र प्रत्येक कंपनीत धरायचीच, तिथे सूट नाही. म्हणून जर्नल एंट्री, म्हणजे हिशेबाच्या पुस्तकात थेट टाकलेल्या नोंदी, तपासतात. २००२ मध्ये उघड झालेल्या वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात चालू खर्च अशाच नोंदींनी मालमत्तेत ढकलला होता.

वर्षअखेरीची, गोल रकमेची, एरवी नोंदी न करणाऱ्याने टाकलेली एंट्री दिसली, की मी आधी तीच उघडतो.