शिफ्टिंगचा विषय निघाला की घरात भांडणच होतं, पैसे पुरतील की नाही या विचाराने झोप उडालीये

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतो, कधी बायको घेऊन येते कधी नवरा, शहरं बदलतात पण बोलणं तेच असतं. नवीन नोकरी लागलीये, चांगली लागलीये, सगळे अभिनंदन करतायत, आणि घरात मात्र ट्रक कुठला, सामान किती, खर्च किती यावरून रोज वाजतंय. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि त्या दोघांना विचारूनच लिहितेय.

नागपूरचं कुटुंब. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याला पुण्यात हिंजवडीला नोकरी लागली, जॉइनिंग 25 मे. आधी बायको एकटीच आली. म्हणाली, "मॅडम, काही विचारलं की तो नुसता बघू-बघू करते. मी म्हटलं कुलर न्यायचा का, तर चिडला. आईंच्या दिवाणाचं काय, तर उठून बाहेर गेला. मला तर वाटते त्याला आम्हाला न्यायचंच नाही." आणि मग हळूच म्हणाली की पाटल्या ठेवून गोल्ड लोन काढायचा विचार करतेय, त्याला सांगितलेलं नाहीये.

पुढच्या वेळी दोघं आले तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं की एकूण किती लागणार असं तुम्हाला वाटतं. तो म्हणाला साडेतीन लाखाच्या वर. ती त्याच्याकडे बघतच राहिली, कारण तिच्या डोक्यात होतं ट्रकचे चाळीस-पन्नास हजार, बस. हा माणूस महिनाभर तो आकडा एकटा घेऊन फिरत होता, आणि बायकोला टेन्शन नको म्हणून काही बोलत नव्हता, आणि त्याच्या त्या न बोलण्यानेच तिला जास्त टेन्शन आलं होतं. मी वर्षानुवर्षं बघतेय, शिफ्टिंगच्या भांडणात बहुतेक वेळा दोघांच्या डोक्यात दोन वेगळे आकडे असतात आणि ते कधी एका कागदावर आलेलेच नसतात.

मग आम्ही तिथेच बसून लिहिलं. पुण्याला रावेतकडे बघितलेलं घर, भाडं 24,000, मालक तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतोय म्हणजे 72,000, पहिलं भाडं 24,000, ब्रोकर एक महिन्याचं भाडं घेणार 24,000, अॅग्रीमेंट साधारण 3,000, ट्रक आणि पॅकिंग 42,000, मुलीच्या शाळेचे 60,000, घर बघायला जाण्यायेण्याचे 12,000, पडदे-पंखे-प्लंबर-गॅस वगैरे 25,000. इथपर्यंत बरेच लोक लिहितात. पुढचं सुटतं. नागपूरचं मे महिन्याचं भाडं 11,000, पुण्याचं दुसऱ्या महिन्याचं भाडं 24,000, दोन महिन्यांचा घरखर्च 50,000, गाडीचे दोन हप्ते 8,000. बेरीज 3,55,000. बँकेत होते 2,70,000. म्हणजे 85,000 कमी.

दोन महिने पगार का नाही, असं तिने विचारलं, आणि हा मुद्दा नीट समजून घ्या कारण इथेच लोक अडकतात. नोटीस पिरियडमधला शेवटचा पगार जुनी कंपनी बरेचदा फुल अँड फायनलमध्येच, म्हणजे नोकरी सोडल्यावरच्या शेवटच्या हिशोबात देते, त्याला महिना-दीड महिना सहज जातो. नवीन कंपनीत पगाराची कट-ऑफ तारीख असते, त्याच्या कंपनीत 20, आणि हा जॉइन होणार 25 ला, म्हणजे मेचे ते दिवस जूनच्या पगारात येणार आणि पहिला पैसा हातात पडणार 30 जूनला. रिलोकेशनचे, म्हणजे घर हलवण्याच्या खर्चाचे 50,000 कंपनी देणार होती पण बिलं लावल्यावर, तेही पगारासोबत. नागपूरच्या घराचं डिपॉझिट घर रिकामं केल्यावर मिळणार. सगळे पैसे येणार होते, फक्त गरज संपल्यावर येणार होते.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, बजेट वस्तूंच्या यादीने लिहू नका, तारखेने लिहा. डाव्या बाजूला तारीख, त्या दिवशी किती जाणार, किती येणार, आणि खात्यात काय उरणार. ज्या दिवशी उरलेला आकडा सगळ्यात कमी असतो ना, तो दिवस शोधायचा. या घरात तो दिवस 29 जून होता, आणि महिनाभर जी भीती सगळीकडे पसरली होती ती एका तारखेपाशी येऊन थांबली. तो स्वतःच म्हणाला, मला वाटलं होतं आपण बुडणार, हे तर एक महिन्याचं अंतर आहे.

त्यानंतर दोघांनी मिळून तारखा हलवल्या, मी फक्त प्रश्न विचारत होते. सगळ्यांनी 25 मेलाच का जायचं? तर मुलीची शाळा. पण शाळा उघडते कधी? तिच्या डोक्यात होतं जूनचा शेवट, आणि तिचंही बरोबर होतं, विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, पण पुण्याकडे आधी. 2025 मध्येच बघा, बाकी महाराष्ट्रात 16 जून आणि विदर्भात 23 जून. म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोचलं तरी चालतं. (सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिललाच चालू होतात, तुमची शाळा त्यातली असेल तर हा हिशोब वेगळा.) मग ठरलं की तो एकटा पुढे जाईल, पीजीत राहील, 9,000, आणि नागपूरचं भाडं आणखी एक महिना, 11,000. हे वीस हजार वाढले म्हणून तो आधी नाही म्हणत होता. पण तिथे राहून घर शोधल्यामुळे फेऱ्यांचे 7,000 वाचले, निवांत शोधल्यामुळे दोन महिन्यांच्या डिपॉझिटवर तयार होणारा मालक मिळाला, तिथे 24,000. दुसऱ्या महिन्याचं भाडं पगारानंतर गेलं, ते 24,000. शाळेला विचारल्यावर त्यांनी फी दोन हप्त्यांत घेतली, लोक विचारतच नाहीत हो. पडदे-बिडदे नंतर, 10,000. आणि एचआरला मेल टाकून रिलोकेशनचे निम्मे पैसे जॉइनिंगलाच मागितले, मिळाले. तेव्हा एक अट मात्र नीट वाचून घ्या, वर्षाच्या आत नोकरी सोडली तर हे पैसे बरेचदा परत घेतात.

ट्रकचं थोडक्यात सांगते. महिनाअखेरीला आणि मे महिन्यात भाव चढलेले असतात, महिन्याच्या मधल्या दिवसात उतरतात. सामान कमी असेल तर पूर्ण गाडीऐवजी शेअरिंगमध्ये टाकता येतं, चार-सहा दिवस उशिरा पोचतं पण स्वस्त पडतं, यांचं 42 चं 31 हजारात झालं. फोनवर ऐकून कोणी फारच कमी रेट दिला तर सावध व्हा, सामान चढल्यावर रेट वाढवून अडवून धरणारे असतात. घरी येऊन किंवा व्हिडिओवर सामान बघायला लावा आणि वस्तूंची यादी, विमा, जीएसटी, लिफ्ट नसेल तर मजल्याचे पैसे, सगळं लेखी घ्या, पूर्ण पैसे आधी देऊ नका. नवीन सोसायटीत शिफ्टिंगची वेळ आणि चार्ज काय ते आधीच विचारा. भरलेला सिलिंडर गाडीत टाकायचा नाही, सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून डिपॉझिट आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद घ्यायचा आणि नव्या गावी कनेक्शन घ्यायचं. दागिने आणि कागदपत्रं स्वतःजवळ. बाइकचं तिला कोणीतरी घाबरवलं होतं की नवीन नंबर घ्यावा लागतो, टॅक्स भरावा लागतो. नागपूर-पुणे एकच राज्य आहे, तसं काही नाही, आरसीवरचा पत्ता तेवढा बदलून घ्यायचा. बेंगळुरू किंवा हैदराबादला जाणार असाल तर मात्र आरटीओची एनओसी आणि बारा महिन्यांच्या वर गाडी तिथे ठेवली तर नवीन रजिस्ट्रेशन आणि तिथला टॅक्स, ते बजेटमध्ये धरा.

आता कुलर. पैशाचा कागद झाल्यावरही कुलरवर भांडण थांबलं नाही तेव्हा मी तिला विचारलं की हा कुलर कोणी घेतलाय. तिच्या वडिलांनी, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, आणि ते आता नाहीत. नवरा हिशोबाने बोलत होता की पुण्याला एवढ्या मोठ्या लोखंडी कुलरची गरजच पडत नाही आणि ट्रकमध्ये जागा खातो, आणि ते खरंच होतं, पण तिला ऐकू येत होतं की तुझ्या बाबांची वस्तू भंगारात टाक. त्याला हे माहीतच नव्हतं. सामानाच्या यादीत अशा दोन-तीन वस्तू प्रत्येक घरात असतात, त्यांच्यावर किलो आणि फुटाचा हिशोब लावू नका, आधी विचारा की ही कोणाची आहे. कुलर तिच्या भावाकडे गेला. सासूबाईंचा सागवानी दिवाण खोलता येत नव्हता, तो नागपूरला मावशीकडे राहिला, आणि हा निर्णय सासूबाईंनी स्वतः घेतला, कारण पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी विचारलं होतं. त्या असंही म्हणाल्या की माझी एक एफडी आहे, मला सांगितलं का नाही. ती मोडावी लागली नाही, पाटल्याही घरातच राहिल्या. 29 जूनला खात्यात 26,000 होते.

मुलीबद्दल सांगायलाच हवं. तिने आईला विचारलं होतं, आपण गरीब झालो का? बंद दाराआडचं भांडण मुलांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ती मनाने भरतात, ते नेहमी जास्त भयानक असतं. नऊ वर्षांच्या मुलीला आकडे नकोत, पण "घर बदलायला जास्त पैसे लागतात, आपण ते मोजलेत आणि आपल्याकडे आहेत" हे वाक्य आई-बाबा दोघांनी मिळून सांगायला हवं. तिला एक खोका दिला, त्यात काय भरायचं ते ती ठरवेल, आणि तो ट्रकमध्ये नाही, तिच्याबरोबर ट्रेनमध्ये.

आणि एक खर्च मी मुद्दाम लिहायला लावते, माहेरी-गावी येण्याजाण्याचा. तो बजेटमध्ये नसला की प्रत्येक फेरी उधळपट्टी वाटायला लागते आणि पुन्हा भांडण. नागपूर-पुणे आता अजनीहून वंदे भारतही आहे, साधारण बारा तास लागतात, पण दिवाळीत ट्रॅव्हल्सचे भाव काय होतात ते सगळ्यांना माहीत आहे आणि रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधीच उघडतं, तर ती तारीख कॅलेंडरवर टाका. या घरात वर्षाला तीन फेऱ्या धरल्या, शिवाय सासूबाई हिवाळा नागपूरला काढणार.

सगळ्यांचं इतकं जमून येत नाही. तारखा हलवूनही तो सगळ्यात कमीचा दिवस शून्याखाली जात असेल तर क्रेडिट कार्डवर डिपॉझिट भरू नका, कुटुंबाचं जाणं एक पगार पुढे ढकला, सहा आठवडे वेगळं राहणं परवडतं. आणि कागद मांडूनही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, तर तो प्रश्न हिशोबाचा राहिलेला नाही, त्यासाठी समुपदेशकाशी बोलायला हवं. फी परवडत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, कधीही लावा, मराठीतही बोलतात.