आधी पडायला शीक

ज्युदो, कराटे की आयकिदो, यातली कोणती जपानी युद्धकला शिकायची, हे ठरवायला एवढी घाई कशाला? आधी तिन्ही ठिकाणी जाऊन एकेक तास नुसता बसून बघ. शिकवणाऱ्यापेक्षा पांढऱ्या पट्टेवाल्यांकडे, म्हणजे नवशिक्यांकडे लक्ष दे. ते घाबरून पडतायत की हसत उठतायत, त्यावरून वर्ग कळतो.

मग एक धर आणि निदान दोन वर्षं सोडू नकोस. मी पहिल्याच वर्षात तीन वर्ग बदलले. हाती काय आलं? तीन गणवेश आणि दुखरा खांदा. कारण उकेमी, म्हणजे पडायची रीत, कुठेच धड शिकलो नाही. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात जमिनीवर सपकन. कंटाळवाणं आहे, पण रोज कर.

जपानी लोक शु-हा-री म्हणतात: पाळणं, मोडणं, सोडून जाणं. सगळ्यांना थेट ‘हा’वर उडी मारायची असते! ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी आधी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन परंपरा अंगात मुरवल्या. मग १८८२ मध्ये तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात १२ ताताम्यांवर, म्हणजे गवती चटयांवर, कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली.

पट्ट्याच्या रंगाचं नंतर बघू. सोमवारी वर्गाला येताना नखं तेवढी कापून ये.