हाफ-लाईफ २ एक वर्ष उशिरा आली ती हॅकरमुळेच का?

तुमचा प्रश्न असा की हाफ-लाईफ २ ही कॉम्प्युटर गेम सप्टेंबर २००३ ला येणार होती, मधेच कुणीतरी तिचा सोर्स कोड (गेम ज्यातून बनते तो मूळ प्रोग्रॅम) चोरला आणि म्हणून ती नोव्हेंबर २००४ ला आली, हे खरं का. चोरी खरी आहे हो, पण उशिराचं खापर त्या चोरावर फोडणं मला पटत नाही. जरा तारखा बघा. रिलीज ठरलेलं ३० सप्टेंबर २००३ ला. "आता वर्षाअखेरीच्या सुट्ट्यांमध्ये येईल" असं व्हॉल्वने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, सांगितलं २३ सप्टेंबरला. आणि कोड चोरीला गेलाय हे व्हॉल्वचा मालक गेब न्यूएलने जगाला सांगितलं २ ऑक्टोबरला. म्हणजे गेम लटकली आधी, चोरी बाहेर आली नंतर. पण चोरीची गोष्ट जास्त मसालेदार, म्हणून तीच सगळ्यांच्या लक्षात राहिली.

मी तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगला होतो, लेक्चर कमी आणि सायबर कॅफे जास्त. कॅफेत काऊंटर-स्ट्राईक चालायचं, जे मुळात हाफ-लाईफचंच मॉड, म्हणजे तीच गेम बदलून बनवलेली दुसरी गेम, पण अर्ध्या पोरांना हाफ-लाईफ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मला माहीत होतं कारण मी पहिला भाग दोनदा संपवला होता, आणि दुसऱ्या भागाचा ई-थ्रीचा व्हिडिओ कुणीतरी सीडीवर आणला होता तो कॅफेवाल्या काकांच्या मशीनवर आम्ही आठ-दहा जणांनी एकमेकांच्या डोक्यावरून बघितला. ई-थ्री म्हणजे तेव्हा दरवर्षी भरणारा गेम कंपन्यांचा शो, हा मे २००३ चा, लॉस एंजेलिसचा. जी-मॅन या गूढ पात्राचा चेहरा क्लोजअपमध्ये, डोळे फिरतायत, भुवया हलतायत, पाण्यावर लाकडी फळी टाकली की ती खरंच तरंगते, गाडा ढकलला की उतारावरून गडगडत जातो. आज हसायला येईल, तेव्हा तोंड उघडं पडलं होतं.

आता मुद्दा. या गेमचं काम जून १९९९ ला सुरू झालं, पहिला भाग आल्यावर सहा-सात महिन्यांत. आणि न्यूएलने टीमला डेडलाईनच दिली नव्हती. पैशांचंही तेच, लागला तर मी स्वतःच्या खिशातून घालीन म्हणाला, मायक्रोसॉफ्टमध्ये असताना कमावलेला पैसा होता त्याच्याकडे. ऐकायला स्वर्ग वाटतो पण मी स्वतः वीस एक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सांगतो, डेडलाईन नसलेला प्रोजेक्ट संपत नाही, तो फक्त चांगला होत राहतो. आधीचा इतिहासही तसाच बघा ना, पहिली हाफ-लाईफ १९९७ ला यायची होती, पण बनवलेलं स्वतःलाच आवडलं नाही म्हणून बराचसा भाग मोडून पुन्हा बांधला आणि ती नोव्हेंबर १९९८ ला आली आणि इतकी गाजली की थांबायची किंमत वसूल होते हा धडा त्या लोकांनी गाठीशी बांधला. माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

दुसऱ्या भागात त्यांनी एकाच वेळी फार गोष्टी अंगावर घेतल्या. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालते ते मूळ सॉफ्टवेअर, नवीन, त्याचं नावच सोर्स. फिजिक्ससाठी आयर्लंडच्या हॅवॉकचं सॉफ्टवेअर विकत घेतलं पण ते जसंच्या तसं चालेना म्हणून बरंच बदललं. चेहऱ्यांसाठी पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाचं काम वापरलं, माणसाच्या चेहऱ्यावरचा कुठला स्नायू कुठल्या भावनेला हलतो याची त्याने पद्धतशीर यादी केलेली, ती गेममधल्या पात्रांना लावली. व्हिक्टर अँटोनोव हा कला विभागाचा प्रमुख, बल्गेरियातल्या सोफियाचा, त्यामुळे सिटी १७ ला, म्हणजे गेम जिथे घडते त्या शहराला, ती पूर्व युरोपातल्या जुन्या शहराची कळा आली, उंच दगडी इमारती, ट्रामच्या तारा, आणि डोक्यावर परग्रहवासीयांचा तो लोखंडी टॉवर. (सायन्स फिक्शन म्हटलं की सगळं चकचकीत आणि निळंच पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे शहर एकदा फिरून यावं.) हे सगळं वेगवेगळं मस्त होतं, पण एकत्र बसवून त्यातून खेळण्यासारखी गेम निघत नव्हती. २००२ च्या ई-थ्रीसाठी त्यांनी एक नमुना बनवला होता, न्यूएल मुद्दाम काही महिने लांब राहिला होता म्हणजे ताज्या नजरेने बघता येईल, तोपर्यंत तो स्टीमच्या, म्हणजे इंटरनेटवरून गेम विकायच्या आणि चालवायच्या व्हॉल्वच्या सेवेच्या, मागे होता. बघितला आणि त्याला पटला नाही. फिजिक्समुळे खेळण्यात नेमका काय फरक पडतो ते दिसतच नाही आणि पात्रं नुसती बोलत बसतात असं त्याचं म्हणणं. झालं, त्या वर्षी शोला गेलेच नाहीत. तीन वर्षं झाल्यावर ही परिस्थिती!

मग २००३ च्या मे महिन्यात एकदम ३० सप्टेंबर ही तारीख कशी काय आली? आमच्याकडे पण असंच होतं. क्लायंट समोर बसलेला असतो, डेमो झकास झालेला असतो, टाळ्या वाजतात आणि त्या भरात कुणीतरी तारीख बोलून जातो. एका जुन्या ठिकाणी आम्ही डेमोत एक बटण दाबलं की आधीच बनवून ठेवलेला रिपोर्ट उघडायचा, मागे कोड शून्य, क्लायंट खूश, आणि नंतर तो रिपोर्ट खरा करायला सहा महिने गेले. व्हॉल्वचंही थोडं तसंच. ई-थ्रीच्या डेमोत शत्रू सैनिक किती हुशार म्हणून लोक वेडे झाले होते, दार लाथ मारून तोडतात काय, वळसा घालून येतात काय, आणि चोरीनंतर लीक झालेला बिल्ड (गेमची तोवर बनलेली अर्धवट आवृत्ती) उघडून बघितल्यावर कळलं की त्यातलं बरंचसं तेवढ्या सीनपुरतं आधीच स्क्रिप्ट करून बसवलेलं आहे. म्हणून मला नेहमी वाटतं, चोराने उशीर केला नाही, त्याने फक्त झाकलेलं ताट उघडं केलं.

चोरी कशी झाली ते पण ऐका कारण सिक्युरिटीत काम करणाऱ्यांना मजा येईल. जर्मनीतला एक २१ वर्षांचा पोरगा, या गेमचा पक्का फॅन, गेमबद्दल काहीतरी कळावं म्हणून नेटवर्कमध्ये शिरायला बघत होता आणि त्याला 'बिल्ड' नावाचं युजर अकाउंट सापडलं ज्याला पासवर्डच नव्हता. कोरा. बस, तिथून आत. सप्टेंबरच्या मध्यावर न्यूएलचे ईमेल कुणीतरी वाचत होतं, त्याचा कॉम्प्युटर विचित्र वागत होता, एखाद्या प्रोग्रॅमच्या फाईलवर राईट क्लिक केलं की एक्सप्लोररच क्रॅश व्हायचा, पण तेव्हा नीट उलगडा झाला नाही. मग कोड नेटवर आला. न्यूएलने पोलिसांत दिलंच, पण फॅन लोकांच्या फोरमवर स्वतः लिहिलं की आमच्याकडे असं असं झालंय, मदत करा. कंपनीचा मालक गावात येऊन सांगतोय की माझ्या घरी चोरी झाली, कुणी काही बघितलंय का, हे मला त्या वेळी फार भारी वाटलं होतं.

त्या पोराचं म्हणणं असं की मी कोड घेतला पण नेटवर मी टाकला नाही, ज्याला दिला त्याने टाकला. पुढे फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने न्यूएललाच मेल केला, कबूल केलं, आणि वर नोकरी मागितली!! व्हॉल्वनेही हो हो म्हणत फोनवर इंटरव्ह्यू घेतला, हेतू हा की त्याला अमेरिकेत बोलवायचं आणि उतरल्या उतरल्या एफबीआयने धरायचं. पण मे महिन्यात जर्मन पोलीसच त्याच्या दारात आले आणि त्याला उचललं. खटला जर्मनीत चालला आणि तो दोन वर्षांच्या प्रोबेशनवर (तुरुंगात न जाता, देखरेखीखाली) सुटला, अमेरिकेत गेला असता तर इतक्या स्वस्तात सुटला नसता.

आता चोरीमुळे काहीच फरक पडला नाही असंही मी म्हणत नाही. टीमचं मनोबल खचलं, चार वर्षं रात्री जागून केलेलं अर्धवट काम सगळं जग उघडून हसतंय म्हटल्यावर खचणारच, आणि काम चालू ठेवायचा खर्च महिन्याला दहा लाख डॉलरच्या घरात होता. एकूण खर्च ४ कोटी डॉलरवर गेला. शिवाय ग्राफिक्स कार्डवाल्या एटीआयने रेडिऑन ९८०० एक्सटीच्या खोक्यात हाफ-लाईफ २ चं कूपन घालून विकायला सुरुवात केली होती, म्हणजे लोकांनी २००३ च्या शेवटी कार्ड घेतलं आणि गेम हातात पडेपर्यंत त्यापेक्षा भारी कार्ड बाजारात आलं. (आपल्याकडे त्या कार्डाच्या पैशात सेकंडहँड स्प्लेंडर आली असती, त्यामुळे माझ्या ओळखीत तरी हा अन्याय कुणावर झाला नाही.)

आणखी एक भानगड होती जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही, कोर्टकचेरी. व्हॉल्वने २००२ मध्येच आपल्या पब्लिशरवर (गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीवर), म्हणजे सिएरा आणि तिच्या वरच्या व्हिवेंडीवर केस टाकली होती. कशावरून? सायबर कॅफेवरून! आमचे गेम कॅफेंना द्यायचा हक्क तुम्हाला नाही असं व्हॉल्वचं म्हणणं. व्हिवेंडीने उलटा दावा ठोकला आणि प्रकरण इतकं चिघळलं की न्यूएल दिवाळखोरीच्या काठावर आला, घर विकायची वेळ आली होती. मग व्हिवेंडीने पुरावा म्हणून कागदपत्रांचे ढीग पाठवले, त्यात पुष्कळसे कोरियन भाषेतले, कोण वाचणार, तर व्हॉल्वमध्ये उन्हाळ्यापुरता आलेला एक इंटर्न निघाला कोरियन जाणणारा, त्याला वाचायला बसवलं आणि त्यात पुरावे नष्ट केल्याचा मेल सापडला. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही दाखवतात. नोव्हेंबर २००४ च्या शेवटी कोर्टाने कॅफेचा मुद्दा व्हॉल्वच्या बाजूने दिला आणि एप्रिल २००५ मध्ये तडजोड झाली.

गेम आली १६ नोव्हेंबर २००४ ला. दुकानातून डबा आणला तरी स्टीमवरून अनलॉक करावी लागायची, पहिल्या दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की पैसे मोजलेले लोक बघत बसले, शिव्या पण भरपूर पडल्या. आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. कॅफेवाल्या काकांनी कुठूनतरी क्रॅक कॉपी पैदा केली, कोपऱ्यातल्या त्या एकाच बऱ्यापैकी मशीनवर टाकली आणि आम्ही पाळ्या लावून खेळलो, माझ्या वाट्याला रेव्हनहोम हा गेममधला भुताटकीचा भाग आला, रात्री नऊला, हेडफोन लावून. गेम कॅफेत चालवायचा हक्क कुणाचा यावरून तिकडे सिएटलच्या कोर्टात वकील भांडत होते आणि इकडे लायसन्स कशाशी खातात हे काकांना माहीत नव्हतं. मी पुढे नोकरी लागल्यावर विकत घेतली, तेवढं पाप फेडलं.

वेळ असेल तर २०२४ ला २० वर्षं झाली म्हणून व्हॉल्वने स्वतःच काढलेली डॉक्युमेंटरी बघा, कोर्टाचा आणि चोरीचा भाग त्यात त्या लोकांच्याच तोंडून आहे.

आणि खाली जाता जाता तुम्ही विचारलंय की तिसरा भाग कधी. दुसऱ्या भागाची गोष्ट पुढे नेणारा एपिसोड टू २००७ ला ज्या ठिकाणी सोडला तिथेच आम्ही उभे आहोत, मधे २०२० ला हाफ-लाईफ: ॲलिक्स आली पण ती व्हीआरवाली (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायची) आणि गोष्ट आधीच्या काळातली. तुम्हाला कुणी तिसऱ्या भागाची ३० सप्टेंबर तारीख सांगितली तर आधी विचारा, वर्ष कुठलं?