शालिमार परफ्यूम शंभर वर्षांनंतरही का विकला जातो? आणि मुमताजच्या गोष्टीत तथ्य किती?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पॅरिसच्या गेर्लां या परफ्यूम कंपनीचा शालिमार शंभर वर्षं का टिकला, शहाजहान-मुमताजची गोष्ट खरी का, आणि लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला द्यावा का. मधला आधी घेते. मी भुसावळची आहे, आणि मुमताजचा विषय निघाला की आमच्याकडच्या माणसाला गप्प बसवत नाही.

परफ्यूमसोबत सांगितली जाते ती गोष्ट साधारण अशी: शहाजहान आणि मुमताज शालिमार बागेत फिरायचे, तिथे त्यांचं प्रेम फुललं, ती गेली म्हणून त्याने ताजमहाल बांधला, आणि ही कहाणी ऐकून पॅरिसच्या जॅक गेर्लांने हा सुगंध केला. कोणा महाराजाने पॅरिसला गेल्यावर ती त्याला ऐकवली, असंही सांगतात. ऐकायला छान आहे. आता तारखा बघा. शालिमार नावाच्या दोन प्रसिद्ध मुघल बागा आहेत. श्रीनगरची जहांगीरच्या काळातली, साधारण 1619 ची. लाहोरची शहाजहानची, तिचं काम 1641 मध्ये सुरू झालं. मुमताज वारली 1631 मध्ये. म्हणजे लाहोरच्या बागेत तिने पाऊल टाकणं शक्यच नाही. श्रीनगरच्या बागेत दोघं फिरले असतील, पण ती बाग सासऱ्याची. ‘मुमताजसाठी बांधलेली बाग’ हे वर्णन तिलाही लागू पडत नाही.

ती वारली कुठे, हे मात्र पक्कं माहीत आहे. बुऱ्हाणपूरला. नकाशावर आज ते मध्य प्रदेशात दिसतं, पण फारुकी सुलतानांपासून ती खान्देशची राजधानी होती, आणि 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावरही सुभ्याचं ठाणं तिथेच राहिलं. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की रावेर मागे टाकून साधारण तासाभरात उतरता येतं. शहाजहान तिथे दख्खनच्या मोहिमेसाठी, खानजहान लोदी या बंडखोर सरदाराच्या पाठलागावर आला होता. मुमताज सोबत होती आणि गरोदर होती. चौदाव्या बाळंतपणात, जून 1631 मध्ये, ती गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखाना बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात आग्र्याला नेलं. तापीकाठच्या शाही किल्ल्यातला हमामखाना अजून बघता येतो. छतावरची रंगीत नक्षी बरीच पुसली गेली आहे, तरी जी उरली आहे ती बघायला मान वर करून उभं राहावंसं वाटतं.

आणि कुठल्याच जाहिरातीत न सापडणारी गोष्ट: 1630 ते 1632 हा गुजरात, खान्देश आणि दख्खनचा भीषण दुष्काळ. बुऱ्हाणपुरात बादशहाने लंगर उघडल्याची नोंद ‘पादशाहनामा’त, म्हणजे शहाजहानच्या दरबारी इतिहासात, आहे. त्याच सुमारास सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने वाटेवर पडलेल्या प्रेतांचं वर्णन लिहून ठेवलंय. मुमताजचे शेवटचे महिने या मुलखात गेले. कारंजी आणि चांदणं विकणाऱ्याने हे सांगावं अशी अपेक्षा नाही, पण आपण खान्देशातल्यांनी तरी बागेची गोष्ट जशीच्या तशी गिळू नये.

गंमत अशी, की मुमताजचा सुगंधाशी खरोखरचा संबंध आहे आणि तो बागेपेक्षा कितीतरी घट्ट आहे. गुलाबपाणी तयार करताना वर येणारा तेलाचा तवंग वेगळा काढून अत्तर करण्याची युक्ती नूरजहानच्या आईने शोधली, असं जहांगीरने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय. त्याने खूश होऊन तिला मोत्यांची माळ दिली आणि अकबराची बेगम सलीमा सुलतान हिने त्या अत्तराचं नाव ठेवलं ‘इत्र-इ-जहांगीरी’. ही नूरजहानची आई म्हणजे अस्मत बेगम, मुमताजची सख्खी आजी. वडलांची आई. जगात ही युक्ती पहिल्यांदा तिनेच केली का, यावर वाद घालता येईल, पण बादशहाने श्रेय तिला दिलंय. गेर्लांच्या जागी मी असते तर बाग सोडून आजीच धरली असती.

तेव्हा नाव उसनं आहे. 1925 च्या पॅरिसमध्ये पूर्वेकडचं काहीही चालायचं. गेर्लांनीच त्याआधी 1919 मध्ये ‘मित्सुको’ असं जपानी नाव देऊन एक सुगंध काढला होता, आणि तोही आज विकला जातो. पण नावावर माणूस पहिली बाटली घेतो, दुसरी नाही. शंभर वर्षं दुसरी, तिसरी, दहावी बाटली घेतली गेली, त्याचं कारण बाटलीच्या आत आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार.

गेर्लां हे घराणं 1828 पासूनचं. 1868 मध्ये विल्यम पर्किनने प्रयोगशाळेत कुमारिन तयार केलं. टोंका नावाच्या बीमध्ये असणारा, सुक्या गवतासारख्या वासाचा हा पदार्थ. 1874 मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं मुख्य द्रव्य, बनवलं. तोपर्यंत सुगंध म्हणजे फुलं, साली, डिंक आणि प्राण्यांचे स्राव. आता कारखान्यातली पांढरी पूड हाताशी आली. एमे गेर्लांने या दोन्ही पुडी वापरून 1889 मध्ये ‘जिकी’ केला. त्यात लव्हेंडर आहे, लिंबाच्या जातीचा ताजेपणा आहे आणि खाली गोड, किंचित जनावरी वास आहे.

एमेचा पुतण्या जॅक. त्याच्या हाती एथिल व्हॅनिलिन आलं. व्हॅनिलिनच्या रेणूत मेथॉक्सी गट असतो, त्या जागी एथॉक्सी बसवला की झालं एथिल व्हॅनिलिन. एका कार्बनाचा फरक, पण वास साधारण तिप्पट तीव्र. (आज बिस्किटात, चॉकलेटात, आइस्क्रीममध्ये जो ‘व्हॅनिला’ असतो, त्यातही हे बरंच असतं.) जिकीच्या बाटलीत जॅकने हे सहज ओतून बघितलं आणि शालिमार झाला, अशी गोष्ट सांगतात. बीएस्सीच्या पोरांना सांगायला ती चांगली आहे, पण माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. शालिमार हुंगला की कळतं, नुसतं ओतून हे होत नाही.

कारण एथिल व्हॅनिलिन एवढ्या प्रमाणात घातलं की सगळं मिट्ट गोड होतं, डोकं धरतं. जॅकने दोन टोकांनी ते आवळलं. वरून बर्गमॉट: इटलीत कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर होणारं लिंबूवर्गीय फळ, त्याच्या सालीचं तेल. सूत्राचा मोठा हिस्सा हे तेल आहे. खालून धूर आणि चामडं. ओपोपोनॅक्स नावाचा डिंक आहे, आपल्या गुग्गुळाच्याच कुळातला. संध्याकाळी गुग्गुळाचा धूप घालणाऱ्या घरात वाढलेल्या नाकाला तो लगेच ओळखीचा वाटतो. शिवाय जवादी, म्हणजे उदमांजराचा स्राव. पूर्वी खरा वापरायचे, आता त्याची जागा कृत्रिम द्रव्याने घेतली आहे. नुसत्या जवादीचा वास कुणाला आवडणार नाही, पण थेंबभर असली की गोडाला अंग येतं. भरीत करताना वांगं तुरकाठ्यांवर भाजलं नाही, गॅसवर नुसतं शिजवून घेतलं, तर मसाला तोच असून ते भरीत लागत नाही ना, तसं आहे हे. धूर काढून घ्या, शालिमारची खीर होईल. मधे गुलाब, जाई, आयरिसचं मूळ वगैरे आहे, पण ते मुद्दाम शोधलं तरच सापडतं.

आणि हे सगळं एकाच वेळी येत नाही, खरी मजा त्यातच आहे. बर्गमॉटमधले रेणू चटकन उडतात, पंधरावीस मिनिटांत त्यांचा जोर संपतो. कुमारिन आणि एथिल व्हॅनिलिन साध्या तापमानाला घन असतात. पुडी आहेत त्या, सावकाश उडतात. म्हणून सुरुवातीला आंबट-ताजं, जरा कडवट, काहींना तर औषधी वाटतं. मग धूर पुढे येतो. गोडवा सगळ्यात शेवटी, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओढणीला असतो. एकच वस्तू सकाळी एक आणि रात्री दुसरी वाटते, त्यामुळे कंटाळा येत नाही. आत्ताचे बरेच महागडे परफ्यूम पहिल्या पाच मिनिटांतच सगळं सांगून टाकतात, कारण दुकानात माणूस तेवढाच वेळ थांबतो. शालिमारला ती घाई नाही. माझ्या मते तो टिकला तो यामुळे.

बाटलीचाही वाटा आहे, नाही म्हणत नाही. रेमंड गेर्लांने तिचं रूप ठरवलं, बाकारात काचकारखान्याने ती घडवली. पसरट, पायावर उभी, कारंज्याच्या कुंडासारखी, आणि वर निळं पंखाकृती बूच. 1925 च्या पॅरिसच्या सजावटी कलांच्या मोठ्या प्रदर्शनात तिला पारितोषिक मिळालं. त्या काळी सभ्य बाईने तीन गोष्टी करू नयेत असं म्हणत: सिगारेट ओढणं, टँगो नाचणं आणि शालिमार लावणं. यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

शंभर वर्षांत आतला माल जसाच्या तसा राहिलाय का? नाही. बर्गमॉटच्या तेलातली काही द्रव्यं उन्हात त्वचेवर डाग पाडतात, भाजल्यासारखे. म्हणून आता ती काढून टाकलेलं तेल वापरतात. जवादीचं वर सांगितलंच. 1994 मध्ये घराण्याची कंपनी एलव्हीएमएच या मोठ्या समूहाकडे गेली. जुन्या बाटल्या जमवणारे लोक म्हणतात, पूर्वीचा अधिक धुरकट होता. असेल. आजचा हुंगूनही सांगाडा तोच आहे हे कळतं, आणि तुम्हाला काही तुलना करायची नाहीये.

आता बायकोला द्यावा का. तुम्ही धुळ्याचे, आणि लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात आहे असं लिहिलंय. भाऊ, मे महिन्यात नका देऊ. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत बर्गमॉट घराच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही आणि व्हॅनिला अंगावर बसते. माझ्या नणंदेने एकदा हट्टाने वैशाखातल्या लग्नात लावला होता, शेजारच्या दोघी जागा बदलून बसल्या. आपल्याकडे शालिमार दिवाळीनंतर, भरीत पार्ट्या सुरू झाल्या की काढायचा आणि होळीला कपाटात ठेवायचा. तोही संध्याकाळी, मनगटावर एक आणि मानेमागे एक, बास.

द्यायचाच असेल तर ‘ओ द पार्फम’ हा दाट प्रकार घ्या. ‘ओ द टॉयलेट’ या पातळ प्रकारात लिंबूपणा जास्त पुढे असतो, ते काही वाईट नाही, पण धुराची मजा पहिल्यात अधिक आहे. एकदम मोठी बाटली घेऊ नका. ऑनलाइन अर्ध्या किमतीत ‘टेस्टर’, ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून जे दिसतं त्याच्या नादी लागू नका. पैठणीवर, पांढऱ्या ब्लाउजवर फवारू नका, असंही त्यांना सांगा. व्हॅनिलाचे पिवळट डाग पडतात आणि निघत नाहीत. बाटली खिडकीत किंवा ड्रेसिंग टेबलवर शोभेला नको, खोक्यासकट कपाटात, सगळ्यात थंड खोलीत.

मे महिन्यातल्या वाढदिवसासाठी कनोजचं खऱ्या गुलाबाचं किंवा खसाचं अत्तर बघा. खस तर उन्हाळ्यासाठीच असतो. गुलाब घेतलात तर आजीची गोष्टही सांगता येईल, आणि ती बागेच्या गोष्टीपेक्षा खरी आहे. अस्सल गुलाबाचं अत्तर स्वस्त नसतं, तेव्हा कोणी शंभर रुपयांत ‘प्युअर’ म्हणून दिलं तर समजून जा.

आणि शालिमारसाठी दिवाळीच्या आधी कधी पुण्या-मुंबईला किंवा नाशिकला जाणं झालं तर त्यांना सोबत न्या, सरप्राइजचा मोह सोडा. हा सुगंध काहींना पहिल्या भेटीत अजिबात आवडत नाही. मनगटावर घ्यायचा, कागदाच्या पट्टीवर नाही, आणि निदान अर्धा तास थांबायचं. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने बिल करायची घाई केली, तर दोघं बाहेर जाऊन चहा घेऊन या. वहिनींनी चहा पिता पिता दोनदा मनगट नाकाशी नेलं तर परत आत जा, नाहीतर तिथूनच गाडी पकडा.