साडेतीन वर्षं पोस्टडॉक, पेपर एकही नाही

"साडेतीन वर्षं झाली, एकही पेपर नाही, माझ्यातच काहीतरी कमी असणार." लाइफ सायन्समधले जे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये संशोधन करणारे, माझ्याकडे सल्ल्याला येतात त्यातले बरेचजण थोड्याफार फरकाने हेच बोलतात, म्हणून ही एक केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

ती आली ती रडतच. बरोबरीच्यांचे पेपर आले, कोणी फॅकल्टी झालं आणि ही अजून रविवारीसुद्धा ॲनिमल हाउसमध्ये. राहू का सोडू, एवढंच विचारत होती. मी म्हटलं ते आज नको ठरवूया, आधी सांग हे ४२ महिने गेले कुठे, कागदावर मांड.

तिचं काम म्हाताऱ्या उंदरांवर, तेही डबल नॉकआउट, म्हणजे दोन जीन्स बंद केलेले उंदीर. पहिल्याच वर्षी कॉलनीत इन्फेक्शन निघालं, सगळं काढून परत उभं करण्यात ८ महिने. मग ब्रीडिंग, म्हणजे साधारण २० दिवसांनी पिल्लं होणार, ती ६ ते ८ आठवड्यांची झाली की पुढचं मेटिंग, आणि शेवटच्या क्रॉसमध्ये १६ पिल्लांमागे एक हवं तसं मिळणार, म्हणजे १२ उंदरांचा ग्रुप करायला हिशोबाने १९२ पिल्लं आणि प्रत्येकाच्या कानाचा तुकडा घेऊन जीन तपासायची पीसीआर टेस्ट. त्यात ५ महिने. त्यानंतर उंदीर १८ महिन्यांचे व्हायची वाट बघायची, तिथे कितीही राबलं तरी काही होत नाही. ८, ५ आणि १८, झाले ३१. उरले ११. त्या ११ महिन्यांत तिने पेपरच्या ३ फिगर, म्हणजे निकालांच्या आकृत्या, पूर्ण केल्या होत्या! तिने बेरीज परत करून बघितली, मग बराच वेळ काही बोलली नाही.

मला मनापासून वाटतं की असा प्रोजेक्ट कोणाला एकटा देऊच नये, जोडीला लवकर हाती लागेल असं काहीतरी हवंच. जॉइन होण्याआधी पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला, आणि लॅबमधल्या जुन्या लोकांना बिनधास्त विचारा, आधीच्या पोस्टडॉकना पहिला पेपर यायला किती वेळ लागला, ते आता कुठे आहेत.

दुसरी भीती, "आता मी सगळीकडे बाद". नाही गं. एनआयएच या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या के ९९ ग्रँटला पोस्टडॉकचा अनुभव ४ वर्षांपर्यंतच चालतो, तिथे तिच्याकडे ६ महिने होते. पण युरोपातल्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर ८ वर्षांपर्यंत संशोधनाचा अनुभव चालतो. प्रत्येक ठिकाणचं घड्याळ वेगळं, ते वाचल्याशिवाय स्वतःला बाद करायचं नाही. आणि पेपर छापून यायलाच हवा असंही नाही, बायोआर्काइव्ह या साइटवर २०१३ पासून प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीचा पेपर, टाकता येतो आणि एनआयएच २०१७ पासून अर्जात प्रीप्रिंट दाखवू देतं.

पीआयशी बोलायची तिला धास्ती होती, ते आम्ही दोन सेशन घोकलं. "माझा पेपर कधी?" असं विचारायचं नाही, एक पान घेऊन जायचं, त्यावर झालेल्या फिगर, राहिलेला एक प्रयोग, फर्स्ट ऑथर कोण (पेपरवर पहिलं नाव कोणाचं) आणि प्रीप्रिंटची तारीख. पीआयने तारीख २ महिने पुढे ढकलली, बाकी मान्य केलं, आणि ठरलेलं तिने त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवलं.

प्रीप्रिंट आल्यावर ती परत आली. आता प्रश्न वेगळा होता, फॅकल्टीसाठी अर्ज करू का कंपनीत जाऊ. तिने दोन्हीकडे अर्ज केलेत, कंपनीचा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे.