ख्रिस्ती मठांतले साधू आयुष्यभराचं मौनव्रत घेतात का? आणि गप्प राहून ते करतात तरी काय?

नाही, असं व्रत नसतं. सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या कार्थुसियन पंथातही नाही. संत ब्रूनोंनी 1084 मध्ये फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात या पंथाचा पहिला मठ उभारला. तिथला प्रत्येक साधू आपापल्या छोट्या घरात एकटा राहतो. जेवण भिंतीतल्या झरोक्यातून येतं. मध्यरात्री सगळे उठून चर्चमध्ये स्तोत्रं गातात. आठवड्यातून एकदा मात्र एकत्र लांब फिरायला जातात आणि तेव्हा मोकळेपणी बोलतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यांना माणसांचा तिटकारा नाही हे त्यातून कळतं.

आता काय करतात ते. आपण ‘ध्यान’ म्हटलं की मन रिकामं करणं समजतो, पण इथे सुरुवात वाचनाने होते. याच पंथातले बाराव्या शतकातले ग्विगो दुसरे यांनी चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, दर्शन. त्यांची उपमा जेवणाची आहे. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेने त्याची चव लागते, आणि दर्शन म्हणजे खुद्द ती गोडी. बायबलमधली एकच ओळ दिवसभर घोळवायची. शेवटची पायरी आपल्या जोरावर चढता येत नाही, ती देवाची कृपा असते. तिची वाट बघायला शांतता लागते.