रोटरी इंजिन लवकर का जातं? सेकंडहँड आरएक्स-८ घ्यावी का?

दुबईत माझदाची आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय, पण तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) लवकर जातं म्हणतात ते का, असं विचारलायसा. जात नाही हो, घालवतात.

मी शारजात गॅरेजला असताना एक पांढरी आरएक्स-८ आलेली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, पण गरम झाल्यावर पंपावर बंद केली की परत चालूच होत नाही. आधीच्या गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, फ्युएल पंप बदलला, मालकाचा खिसा मोकळा केला आणि कॉम्प्रेशन काय बघितलंच नाही. आमच्या मल्याळी फोरमननं रोटरीचा वेगळा टेस्टर लावला, कारण साधा गेज रोटरच्या तीन बाजूंतला सगळ्यात चांगला आकडा तेवढा दाखवतो नि आपल्याला वाटतं सगळं बरोबर आहे. उघडलं तर एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजलेलं, हाऊसिंगच्या, म्हणजे रोटर फिरतो त्या कवचाच्या, क्रोमवर ओरखडे, डिपस्टिक जवळजवळ कोरडी आणि सायलेन्सरकडं कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) वितळून जाम. सगळं सुरू झालं इग्निशन कॉइलपासनं. कॉइल कमजोर झाली की पेट्रोल पूर्ण जळत नाही, ते पुढं कॅटमध्ये जाऊन जळतं, कॅट तुंबतो, मग उष्णता मागं इंजिनात आणि सीलांचं वाटोळं. चार कॉइलच्या पैशात वाचलं असतं.

सुट्टीला खानापूरला आलो तेव्हा हे आमच्या दाजींना सांगितलो. दाजी बेळगावला उद्यमबागेत, आधी फौंड्रीत, आता क्रँकशाफ्टच्या मशीनिंगला, म्हणजे इंजिनातलं त्यांच्याशिवाय कुणाला काही कळत नाही. ऐकून म्हणतात, "तेल खाणारं इंजिन म्हणजे भंगारच की रे!" ताई जेवायला हाक मारून दमली, शेजारचे कन्नड अण्णा येऊन बसलेले ते पण "हौदु, हौदु" म्हणत दाजींच्याच बाजूनं. मी म्हटलं, अहो दाजी, तेलाचा मीटरिंग पंप ते तेल मोजून मुद्दाम आत सोडतोय, नाहीतर एपेक्स सीलला वंगण कुठनं मिळणार? तुमच्या यामाहा आरएक्स-१०० ला वर्षानुवर्षं टू-टी ऑइल घातलासा, तेव्हा ती भंगार नव्हती काय? गप्प बसले. पण अजून लग्नाकार्यात भेटले की चारचौघांत "काय म्हणतंय तुझं बेवडं इंजिन" चालूच.

आणि जे त्यांना माझ्याआधी कळायला पाहिजे होतं ते वेगळंच. या इंजिनात बाजूच्या प्लेटी बिडाच्या, रोटरची हाऊसिंग ॲल्युमिनियमची आणि सगळं लांब बोल्टनी एकत्र आवळलेलं. एकदा ओव्हरहीट झालं की दोन्ही धातू कमीजास्त फुगणार आणि मधलं कूलंटचं सील जाणार. मग सकाळी पांढरा धूर, कूलंट कमी होत राहतं. बीड किती फुगतं नि ॲल्युमिनियम किती, हे फौंड्रीतल्या माणसाला मी शिकवायचं?

बाकी, थंड इंजिन चालू करून गाडी नुसती सावलीत सरकवली नि लगेच बंद केली की फ्लड होतं, म्हणजे जादा पेट्रोलनं प्लग भिजून परत चालू होत नाही, हे तिकडं रोजचंच. माझदाच्याच जुन्या टर्बोवाल्या आरएक्स-७ चं दुखणं वेगळं, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवून नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकणं, झालं की सील झिजायची वाट बघत नाही, तुटतंच, आणि तुकडा जाता जाता टर्बोचंही वाटोळं करतो. मुळात इंजिनच बोगस असतं तर १९९१ ला फ्रान्सच्या ले मान्स शर्यतीत २४ तास पळून माझदाची रोटरीवाली ७८७बी पहिली आली नसती. दाजी म्हणतात रेसचं वेगळं. काय वेगळं? वेळेवर बघतात एवढंच ना?

आता एक मान्य करतो, आरएक्स-८ च्या सुरुवातीच्या मॉडेलात सीलला तेल कमीच पडायचं. २००९ च्या मॉडेलपासनं कंपनीनं प्रत्येक रोटरला तेलाचे दोनाचे तीन नोझल केले आणि अमेरिकेत त्याआधीच्या गाड्यांच्या इंजिनची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैल करून दिली, ते काय हौसेनं नव्हं. नीट सांभाळलं तरी कधीतरी रिबिल्ड (इंजिन उघडून नव्यानं बांधणं) येणारच, तो खर्च किमतीत धरा. हे दाजींना सांगितलेलं नाही.

घ्यायचीच असेल तर २००९ नंतरची बघा, पेट्रोलच्या दर दोन टाक्यांना डिपस्टिक काढून तेल बघा, कॉइल वेळेवर बदला. इकडं भारतात आणायचं मात्र डोक्यातनं काढा, माझदाच्या गाड्या इथं विकतच नाहीत, पार्ट कुठनं आणणार? आणि घ्यायच्या आधी गरम इंजिनवर दोन्ही रोटरचं, तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन रोटरीच्या टेस्टरवर काढून घ्या. त्याला मालक का-कू करायला लागला तर गाडी बघायला पण जाऊ नका.